खुडूक कोंबडीचा डोळा

शकिलाआपांच्या शोकसभेत मंडळाचे सचिव उभे राहिले आणि म्हणाले, "आपा म्हणजे नम्रतेची मूर्ती! कधी कुणाला वावगा शब्द बोलल्या नाहीत." शेजारी बसलेल्या, आपांकडेच शिकलेल्या मंगलाने माझा हात घट्ट दाबून धरला, नाहीतर मी तिथेच उठले असते. वावगा शब्द नाही म्हणे! अहो, ज्या बाईने भर सभेत, माईक हातात घेऊन तुमची सालटी काढली, ती तुम्हाला नम्र वाटली? वर सचिवांनी पुरावाही दिला. "पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा स्टेजवर काय म्हणाल्या, ठाऊक आहे? म्हणाल्या, हे इनाम माझं नाही, मंडळाचं आहे!" लोकांनी हळहळत माना डोलावल्या.

माणूस मेलं की त्याची गरीब गाय करून टाकायची आपल्याकडे फार घाई असते. जिवंतपणी ज्याच्या जिभेला गल्ली टरकून होती, तो तेराव्याच्या आत मितभाषी होतो. बोलणाऱ्यांत माझंही नाव होतं, पण सचिवांनीच एवढा वेळ खाल्ला की माझी पाळी येण्याआधी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं करून सभा आटोपली. आपांसाठी दोन मिनिटं शांत! त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "झालं काय उभं राहून? कामंधंदे नाई काय घरी?"

तेव्हा सभेत राहिलं ते इथे लिहिते. आपा नम्र नव्हत्या. आपा तापट होत्या, हट्टी होत्या, आणि स्टेजवर त्या काय म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द माहीत आहे, कारण मी पहिल्या रांगेत बसले होते.

मी त्यांच्याकडे भरतकाम शिकायला गेले ती पंचेचाळिशी उलटल्यावर. चंद्रपुरात आमचं औषधाचं दुकान आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहून गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि डॉक्टरांचं अक्षर लावायचं, हा माझा उद्योग. एकदा एका गिऱ्हाईक बाईने मोबाईलवर दोऱ्याने भरलेला पक्षी दाखवला. पीस न् पीस सुटं, पोटावरची लव फुंकर मारली तर हलेल अशी. हे नुसत्या सुई-दोऱ्याने करतात म्हटल्यावर मला वेडच लागलं. "पठाणपुरा गेटाच्या आत शकिलाआपा शिकवतात," ती म्हणाली, "पण त्यांचा स्वभाव..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुढे ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनीही ते वाक्य तिथेच सोडलं.

समोरची खोली, खिडकीखाली सतरंजी, तिच्यावर मान खाली घालून बसलेल्या चार-पाच बाया. आपा बुटक्या, अंगाने भरलेल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेली छोटी कात्री. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं.

"हात धुतले काय?"

"घरून धुऊनच निघाले."

"अन् घरापासून इथपर्यंत चंद्रपूर नाई लागलं काय रस्त्यात?"

मी मुकाट्याने मोरीकडे गेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या गावात सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी होते. कोळशाच्या खाणींची आणि वीजकेंद्राची बारीक धूळ भाजीवर बसते, वाळत घातलेल्या चादरीवर बसते, आणि पांढऱ्या मांजरपाटावर तर दबा धरूनच बसते. आपा रोज सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायच्या आणि ते काळं बोट आम्हाला दाखवून म्हणायच्या, "आख्ख्या देशाले उजेड अन् आमच्या खिडकीत काजळ!" मग अर्धा तास त्यांचा दांडपट्टा चाले. तोवर कुणी सुईत दोरा ओवत नसे.

मी पर्समधून घडी केलेला कागद काढला. वाघाचं चित्र होतं. मला वाघच भरायचा होता. आपांनी कागद उलगडून पाहिला आणि जोरात सुस्कारा सोडला. "चौकात वाघ. भितीवर वाघ. डॉक्टरच्या फायलीवर वाघ. जंगलापेक्षा भितीवरच जास्त झाले, बापा. अन् मी तुले अजून एक पैदा कराले शिकवू?" त्यांनी हात लांब करून मागच्या टोपलीतून एक कांदा काढला आणि माझ्या ओंजळीत टाकला. "हे भर."

"कांदा?"

"काऊन, कांद्यानं काय पाप केलं?"

दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. त्यातला एकच सोडवून घ्यायचा. कांद्याच्या सालीवरच्या रेषा मुळाशी एकत्र असतात, पोटाशी फाकतात आणि शेंड्याकडे पुन्हा जवळ येतात. टाका त्या रेषेनेच चालला पाहिजे. एक टाका लांब, एक आखूड, आणि पुढच्या ओळीची सुई मागच्या टाक्याच्या टोकात घुसवायची, म्हणजे गुलाबी कुठे संपला आणि जांभळा कुठे सुरू झाला ते डोळ्याला कळत नाही. सांगायला एवढंच. माझा कांदा टरबुजासारखा फुगला, मग वांग्यासारखा लांबला. रंग एकमेकांत मिसळायच्या ऐवजी शाळेतल्या पोरांसारखे रांगा करून उभे राहिले.

"उसव," आपा म्हणायच्या.

हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता. इतर बायांना त्या कधीतरी "बरं हाय" म्हणत. मला फक्त "उसव". उसवण्याची त्यांची स्वतःची रीत होती. समोरून टाका ओढायचा नाही, कापडाला भोकं पडतात. कापड उलटं करायचं, कात्रीच्या टोकाने मागचा धागा कापायचा, सुईच्या नाकाने एकेक तुकडा उचलून घ्यायचा आणि मग नखाने कापडाची वीण घासून घासून पुन्हा मिटवायची. इथे टाका होता हे कापडालाही आठवता कामा नये. "भरनं कोनीबी शिकवते. आता त मोबाईल बी शिकवते. उसवनं मीच शिकवते," असं त्या अभिमानाने सांगत.

मला त्यांचा भयंकर राग यायचा. घरी येऊन रडले असं नाही. घरी येऊन नवऱ्याशी भांडले, कारण तोच समोर असायचा. तो म्हणायचा, "कांदा विकत मिळतो की गं, कशाला एवढा खटाटोप?" मग मी त्याच्याशी आणखी भांडायचे. पण चौथ्या दिवशी पुन्हा सतरंजीवर. शेवटी एकदा आपांनी माझी कापड ताणलेली रिंग खिडकीकडे धरली, चष्मा वर केला, पुन्हा खाली आणला आणि म्हणाल्या, "हं. आता चिरलं त डोळ्यात पानी येइन." मी ते वाक्य पंधरा दिवस दुकानात येईल त्याला सांगत होते.

त्यांच्या कौतुकाची जात ही अशी. आणि दुसऱ्यांनी केलेलं कौतुक त्यांना अजिबात झेपत नसे. एकदा नागपूरहून कुणाची तरी जाऊ आली, भिंतीवरचं होल्याचं पाखरू पाहून हरखली आणि म्हणाली, "अगंबाई, अगदी फोटोसारखं!" आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण पुढचं आम्हाला ठाऊक होतं.

"फोटोसारखं?" आपा म्हणाल्या. "फोटो त एका झटक्यात निंगते. मंग मी तीन महिने काय झक मारून राह्यली होती?"

"नाही, म्हणजे हुबेहूब..."

"हुबेहूब कुठी हाय? होला तुमच्या घराच्या तारेवर बसते ना? पाह्यला कधी? जाऊन पाहा पहिले. मंग सांगा मले, कोनासारखं हाय ते."

ती बाई चहा न घेता गेली. आपांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. मोर, वाघ, हरिण यांना त्यांच्याकडे मज्जाव होता. त्यांना आवडायची ती मातकट, करडी, कुणी वळून पाहत नाही अशी पाखरं. होला, साळुंकी, चिमणी. "मोर त स्वतःच रंगून येते. चिमनी भरून दाखव," असं त्या म्हणत. त्यांच्या चिमणीच्या पाठीवरचे तपकिरी रंग मोजायला बसलं तर मोजणाराच थकायचा.

आणि त्यातल्या एकाही पाखराला डोळा नव्हता.

पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला होता. सगळं पाखरू जिवंत, आणि डोळ्याच्या जागी कोऱ्या कापडाचा गोल. आम्ही शिकणाऱ्या आपापल्या पाखरांना डोळे भरायचो. आपाच शिकवायच्या, आधी बुबुळ, मग कडा, मग एक बारीक पांढरा टाका. स्वतःच्या कामात मात्र त्या तो गोल सोडत. यावरून त्यांना दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागे, आणि दोन्ही बाजूंना त्या सारख्याच फाडून खात. त्यांच्या नात्यातले एक भाईजान यायचे. दारातूनच म्हणायचे, "परिंदे बनाना ही कायको? फूल-पत्ती बनाओ." आपा म्हणायच्या, "आपके आधार कार्ड पे आपका फोटो है ना? पहले वो फाड़ के आओ." दुसरीकडे आमच्यातलीच एक बाई, समाजकार्याची फार आवड असलेली, आवाज हळू करून म्हणाली, "तुमच्यात चालत नाही ना, आपा? किती बंधनं असतात नाही बायकांवर." आपांनी रिंग खाली ठेवली. "तुले कोनं सांगतलं माह्यावर बंधन हाय म्हनून? गच्चीवर चढून सांगू काय गावाले, का मी आझाद हाय? माही अन् माह्या आईची गोष्ट हाय ते. तू दोरा ओव."

आईची ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, लडी सोडवता सोडवता, कुणी नसताना. त्यांचं माहेर नागभीडच्या बाजूला. वडील आठवडी बाजारांत सुया, बटणं, रिबिनी विकायचे. आई उशांच्या अभ्र्यांवर वेलबुट्टी काढायची. दहा-बारा वर्षांच्या शकिलाने वेलीच्या आड, कोपऱ्यात, चोरून एक चिमणी भरली. आईच्या लक्षात आलं. आईने चिमणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लय चांगली झाली. डोळा नको घालू, बेटा. जान देनारा येगळा हाय. बाकी सारं भर."

"बस, एवढंच," आपा म्हणाल्या. "रागावली असती ना, त मी त्याच वक्ताले डोळा घातला असता. दोन घातले असते. पन ते रागावलीच नाई. मी हो म्हटलं. आता आई नाई, मंग हो म्हटलेलं परत घेऊ काय?"

एवढंच होतं. ना भीती, ना सक्ती. बारा वर्षांच्या पोरीने आईला दिलेला शब्द ती बाई साठी उलटली तरी सांभाळत होती. तुम्हाला पटो न पटो, तो तिचा होता.

त्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतलं, ते आईचीच आठवण होती. खुडूक कोंबडी. अंड्यांवर बसलेली, अंग फुगवून टोपलीभर पसरलेली, खाली तणीस, धानाचा पेंढा. आईच्या घरी खाटेखाली असायची तशी. आम्ही हसलो. दिवाणखान्यात कोंबडी कोण लावणार? पण जसजशी ती भरत गेली, तसतशी आमची हसण्याची हिंमत गेली. मानेवरची निमुळती पिसं, छातीवरची सैल, पंखाच्या कडेची ताठ, आणि खुडूक बसलेल्या कोंबडीच्या अंगाला जो एक माजोरी फुगार असतो, तो नेमका. दोन पावसाळे गेले तिच्यात. पूर्ण झाली तेव्हा आपांनी डोळ्याचा गोल कोरा सोडला आणि सुई ठेवून दिली.

मंडळाच्या दरवर्षीच्या हस्तकला प्रदर्शनात ती ठेवू या, हा आग्रह आमचा. आपांनी आजवर काहीही घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आम्ही सगळ्याजणी हात धुऊन मागे लागलो तेव्हा म्हणाल्या, "न्या बापा. आईची कोंबडी पाहू द्या लोकाले." आदल्या संध्याकाळी आम्ही चौघी आपांना घेऊन ती मंडळाच्या सभागृहात देऊन आलो. सचिवांनी स्वतः हातात घेतली, "वा, वा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला गेलो, तर भिंतीवर कोंबडी, तिच्या चौकटीला पहिल्या बक्षिसाची लाल फीत, आणि कोंबडीला डोळा.

मार्करचा. काळाकुळकुळीत, मसुरीएवढा ठिपका. वर व्हाइटनरचा टिकला, चमक दिसावी म्हणून. शाई बाजूच्या टाक्यांत झिरपून त्याच्याभोवती निळसर कड आली होती. मी आयुष्यात पुष्कळ उद्धटपणा पाहिला आहे, पण इतका प्रेमळ चेहऱ्याने केलेला नाही. सचिव हसत हसत आले. "परीक्षक यायचे होते, आणि पाहतो तर डोळाच राहिलेला! म्हटलं, घाईत विसरल्या असतील. मी स्वतःच पूर्ण करून टाकला. नाहीतर अपूर्ण म्हणून बाद झाली असती बरं का." ते आभाराची वाट पाहत होते! दोन पावसाळे एक बाई एकेका धाग्याने पिसं बसवते आणि तिच्या हातून डोळा विसरतो, असं या माणसाला खरोखर वाटलं. विचारावं, फोन करावा, एवढंही सुचलं नाही. बाईचं काम म्हटलं की ते नेहमीच थोडं राहिलेलं असतं आणि कुठल्यातरी साहेबाने ते पूर्ण करायचं असतं, हा आपल्याकडचा जुना समज आहे. त्या समजाला खिशात मार्कर मिळाला, एवढंच.

आपा काही बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं बंद झालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि मला भीती वाटली.

मग त्यांचं नाव पुकारलं. त्या एकेक पायरी चढून स्टेजवर गेल्या. पाहुण्यांनी बक्षीस पुढे केलं. सोनेरी मुलाम्याचा प्लास्टिकचा वाघ होता. आपांनी तो घेतला नाही. निवेदिकेच्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाल्या:

"कोंबडीचा डोळा ज्यानं काढला, त्याले बोलवा. इनाम त्याचं हाय, माहं नाई. मी त निस्ती पिसं भरली."

मला वाटलं, आता सभागृह गप्प होईल. आता तरी सचिवांची मान खाली जाईल. आणि टाळ्या पडल्या! कडाडून. मागच्या रांगेतून कुणीतरी "क्या बात है!" म्हणालं. सचिव हात जोडत, लाजत, खरोखर लाजत पुढे आले आणि त्यांनी तो वाघ घेतला. मंडळाच्या वतीने. फोटो काढला गेला. आपा माईकमध्ये आणखी काही म्हणत होत्या, पण टाळ्यांत ते बुडालं. आम्हाला पहिल्या रांगेत तेवढं ऐकू आलं: "हात बांधून ठेवाले पाह्यजे याचे." दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, ज्येष्ठ कलावतीची विनम्रता म्हणून. फोटोत सचिव हसताहेत, वाघ हसतोय, आणि मागे भिंतीवर कोंबडी त्या उसन्या डोळ्याने टकमका बघते आहे. यातलं सगळ्यात वाईट हे, की शोकसभेत तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला आजही तसंच वाटतं.

कोंबडी घरी आणली. आपांनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. मंगला म्हणाली, शाईच तर आहे, निघेल. मी दुकानातून स्पिरिट आणलं, आधी चिंधीवर तसल्याच शाईचा ठिपका काढून त्यावर थेंब टाकून पाहिला. चिंधीवरचा डाग निघायच्या ऐवजी रुपयाएवढा पसरला. घरी आल्यापासून आपा तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "आईले आता काय सांगू मी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो राग हवा होता, तो नव्हता म्हणून मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मात्र राग परत आला. धूळ, कूलर, आमचे हात, पेपरवाला, सगळ्यांचा उद्धार झाला. मग त्यांनी गळ्यातली कात्री काढून माझ्यासमोर धरली. ती कात्री त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. "कुंदा, तू उसव."

"मी? आपा, मंगलाचा हात किती चांगला आहे."

"तिचा भराले चांगला हाय. तुह्याएवढं या खोलीत कोनी उसवलं नाई."

दोन दुपारी मी मान मोडून बसले. कोंबडी उलटी केली, शाई प्यायलेला एकेक टाका मागून कापला, सुईच्या नाकाने उचलला. बाजूचं एकही चांगलं पीस हललं नाही. त्या कांद्यावर झालेला सगळा अपमान त्या दोन दुपारी वसूल झाला. पण कापडावरचा डाग तसाच राहिला. मांजरपाटात मुरलेला तो काळा ठिपका काही केल्या जाणार नव्हता. कोरा गोल आता कोरा राहू शकत नव्हता. त्याच्यावर टाके घालायचे तर डोळा होणार, आणि डोळा घालायचा नाही.

बरेच दिवस कोंबडी ओढणीखाली झाकून होती. मग एका सकाळी आपांनी दुकानात फोन केला. "तुह्या वहिनीकडे कोंबड्या हायेत ना? एखादी खुडूक बसली काय, विचार."

माझं माहेरही नागभीडकडचंच. भाऊ-वहिनी धानाची शेती करतात. आम्ही दोघी एसटीने गेलो. वहिनीने धान साठवायच्या ढोलीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि बजावलं, "लय जवळ नका जाऊ जी, टोचते. मले बी नाई सोडत." आपा तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडव्या बसल्या. कोंबडीने मान फुगवून गुरगुर केली. आपांनीही तिच्याकडे तशाच नजरेने पाहिलं. वहिनी मला खुणेने विचारत होती, या बाई काय करताहेत? मला तरी कुठे माहीत होतं? चहा थंड झाला. बऱ्याच वेळाने कोंबडीची मान खाली आली, आणि आपांनी माझं मनगट धरलं.

"पाह्य. खालून वर."

कोंबडीची पापणी खालून वर सरकत होती. आपल्यासारखी वरून खाली नाही. फिकट, सुरकुतलेली, पातळ पापणी डोळ्यावर चढली आणि कोंबडी झोपली. आपा बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "आता दे चहा."

डागावर त्यांनी पापणी भरली. राखाडी, मातकट, थोडी गुलाबी, टाके खालून वर. मी भीत भीत विचारलं, "आपा, आईला दिलेला शब्द..." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आई म्हने, डोळा नको घालू. पापनी नको घालू असं नाई म्हने." आणि दोरा दाताने तोडला, जे आम्ही केलं असतं तर आम्हाला खोलीबाहेर काढलं असतं.

पुढच्या वर्षी प्रदर्शन लागलं तेव्हा आम्ही कुणी विषयही काढला नाही. आपांनीच काढला. "तिथीच नेऊ. त्याच भितीवर." पण या वेळी त्या कोंबडी ठेवून घरी आल्या नाहीत. एक लाल प्लास्टिकची खुर्ची ओढली, चौकटीच्या अगदी शेजारी मांडली आणि बसल्या. पाय जमिनीला पुरत नव्हते. गळ्यात कात्री. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता त्या त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहत होत्या.

दुपारी सचिव आले. त्यांना वर्षापूर्वीचं काहीच आठवत नसावं, किंवा गोडच आठवत असावं. "अरे वा, आपा! या वेळी डोळा..." म्हणत ते वाकले आणि बोट पुढे केलं.

"हात मागं," आपा म्हणाल्या. "अन् पेन खिशातच राहू द्या, भाऊ. झोपली हाय ते. कोनाले डोळा घालाची लयच हौस असंन, त पहिले तिले उठवा."

सचिव हसले. मग त्यांनी आपांकडे पाहिलं, आपांचा हात कात्रीवर गेलेला पाहिला आणि एक पाऊल मागे सरले. टाळ्या वाजवायला या वेळी कुणी नव्हतं.

धडधाकट अशा आपा मी शेवटच्या पाहिल्या त्या तिथे. त्यानंतरचा उन्हाळा त्यांना झेपला नाही. संध्याकाळ झाली होती, माणसं पांगली होती, रखवालदार एकेक ट्यूबलाइट बंद करत येत होता. मी म्हटलं, "आपा, चला. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

त्यांनी खुर्ची आणखी थोडी चौकटीकडे सरकवली, पदर चारी बाजूंनी पसरून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जाय. खुडूक बसली हाय मी. कोनी जवळ येऊन त पाहो."